बिनठिपक्याची पऱ्हाटी

पॉलीहाऊसचं दार उघडायच्या आधी मॅडम ते वाजवायच्या. आत फक्त झाडं. तरी बोटाच्या पेरानं टकटक करायच्या, मान वाकडी करून कान द्यायच्या, आणि मग आत जायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कोणी काम करत असेल. डोकावून पाह्यलं तर नुसत्या कुंड्या. मी विचारलं, "मॅडम, कोण आहे आत?" त्या म्हणाल्या, "थांबा जरा, कळेल." मी नवाच रुजू झालेलो, त्यांच्या मागोमाग आत गेलो. पुढे पुढे मीही दार वाजवूनच आत जायला लागलो. एकदा घरी रिकाम्या बाथरूमचं दार वाजवलं तेव्हा बायको हसली आणि मला माझाच राग आला.

पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर एका बियाणे कंपनीचं संशोधनाचं फार्म होतं, आणि मी तिथे सुपरवायझर. आमच्या घरचे सगळे यवतमाळच्या कचेऱ्यांमध्ये नोकरी केलेले. बी.एस्सी. करून वावरात उभा राहणारा पहिला मीच, त्यामुळे वडील शेवटपर्यंत माझ्यावर नाराज होते. मॅडम फार्मच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, काटकुळी, उंच, केस कसेतरी बांधलेले, पायात चप्पल असली तर असली. बोलणं पुण्याकडचं, पण गाव विचारलं की हात हलवून विषय संपवायच्या. घरी कोण आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फार्मवरच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि दिवाळीलाही कुठे जायच्या नाहीत.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं चेटूक वाटेल. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं पान उन्हासमोर धरा. त्यात बारीक काळे ठिपके दिसतात. सरकीतही तेच. त्या ठिपक्यांत कडू विष असतं, झाडानं स्वतःच्या राखणीसाठी ठेवलेलं. गाई-म्हशी सरकीची ढेप पचवतात. पण माणसानं, कोंबडीनं, डुकरानं सरकी खाल्ली तर ती बाधते. मॅडमनी काय केलं, तर ठिपके तयार करणारं जनुक हुडकून नेमकं तिथेच ते कापलं. झाड मोठं झालं, बोंडं धरली, आणि पानावर एक ठिपका नाही. सरकी शेंगदाण्यासारखी खाता येईल अशी.

वेचणीला येणाऱ्या बायांनी विचारलं, "म्हंजे थे बीटीवानीच का?" तर मॅडम म्हणाल्या, "नाही. बीटीत बाहेरच्या जंतूचं ठिगळ लावलं होतं. मी लुगड्याचा एक टाका उसवलाय. लुगडं तुमचंच." बाया खुश झाल्या. मी मात्र रात्री जेवताना विचार करत बसलो, की टाका उसवलेलं लुगडं नेसायचं कसं.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगसमोर तिचे ढीग दिसले की मॅडम गाडी थांबवायला लावायच्या. "बघा, केवढं अन्न पडलंय," म्हणायच्या. या भागातल्या प्रत्येक घरात सरकीच्या पिठाची भाकर झाली पाहिजे, हे त्यांचं वेड. पानातलं कडूपण ठेवायचं आणि सरकीतलं तेवढं काढायचं, हा पुढचा टप्पा. त्यासाठी आधी हे बिनठिपक्याचं झाड टिकायला हवं होतं. तरुणपणापासूनचं आयुष्य त्यांनी त्यात घातलं होतं, आणि सरकारची अट सरळ होती. या झाडाची एक सरकी जरी कुंपणाबाहेर रुजलेली सापडली, तरी परवानगी रद्द, आणि झाडं, बी, बाटल्यांतली रोपं, सगळं जाळायचं. त्या कागदावर सही मॅडमची. म्हणून दुहेरी जाळीचं कुंपण, आत जाताना बिनखिशाचे झगे, बाहेर येताना झटकून तपासणी.

पहिल्या वर्षी ते झाड उघड्या वावरात लावलं आणि पाहुणे यायला लागले. 'पाहुणे' हा मॅडमचाच शब्द; पॉलीहाऊसचं दार त्या कोणासाठी वाजवायच्या, ते मला तेव्हा कळलं. रोज सकाळी चहाच्या आधी त्या मला विचारायच्या, "काल कोण आलं?" आधी किडे आले, कपाशीवर मी जन्मात न पाह्यलेले. मग उंदीर. मग राघूंचे थवे, खारी, ससे. बकऱ्यांचं मी सांगत नाही, बकरी तर लग्नाची पत्रिकाही खाते. पण जी जनावरं कपाशीकडे मान वळवून बघत नाहीत, ती येऊन जाळीला टेकायची. शेजारच्याच पट्ट्यात साधी पऱ्हाटी होती, कुंपण नाही, राखण नाही. तिच्यात कोणी जायचं नाही.

दगड मारायचा नाही, ओरडायचं नाही, असा मॅडमचा हुकूम. मी म्हटलं, "मॅडम, उद्या कुंपण तोडतील." त्या म्हणाल्या, "आपण झाडाचं हत्यार काढून घेतलंय. आता जागं आपण राहायचं." आणि खुर्ची घेऊन कुंपणाच्या आत, झाडांकडे पाठ करून बसायच्या. जनावरांची तोंडं आत, त्यांचं तोंड बाहेर.

ऑक्टोबरातली एक दुपार मी विसरू शकत नाही. ऊन असं की पाखरू बाहेर निघणार नाही. मी पंपाकडून आलो आणि जागीच थांबलो. कुंपणाच्या चारी बाजूंनी जनावरं उभी होती. रोही, म्हणजे नीलगाई, त्यांच्या पायांशी ससे, जाळीच्या खांबांवर वानरं, खाली कोणाच्या तरी कोंबड्या. कोणी कोणाला हुसकत नव्हतं. कान हलत नव्हते, शेपटी हलत नव्हती. आवाज म्हणून नव्हता. मॅडम खुर्चीत बसून डबा खात होत्या. मी घाबरून हाक मारली तेव्हा सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. बापा रे! मी जो पळालो तो ऑफिसात जाऊन पंख्याखाली बसलो. संध्याकाळी मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मधेच बोललात."

त्यांच्या डब्यात काय असायचं तेही सांगतो. सरकी. उकडलेली, भाजलेली, चटणी केलेली, पीठ करून थापलेली. कंपनीला ठाऊक नव्हतं. "लोकांना खायला सांगणार, तर आधी मी नको खायला?" असं म्हणायच्या. वर्षभर त्यांनी दुसरं फारसं काही खाल्लंच नाही. मला एकदा दिली. चवीला बरी होती, थोडी गोडसर. पण मला ती गिळवेना, आणि का गिळवेना हे सांगताही येईना.

त्यानंतर एकदा हायवेवरच्या ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. ढाबेवाल्यानं कोंबड्यांना ज्वारी टाकलेली. मॅडम बाकावर बसल्या आणि कोंबड्या ज्वारी सोडून त्यांच्या पायांभोवती जमल्या. ढाबेवाला हसला, "मॅडम, जेब में क्या डाला?" मॅडमच्या कुडत्याला खिसाच नव्हता. त्यांनी पाय वर घेतले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या.

आता बुढीचं. तिला सगळे बुढीच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. झरीच्या रस्त्यावरच्या एका गावातून ती वेचणीच्या बाया घेऊन यायची. एकटी राहणारी, कडक, तोंडाची फटकळ. पहिल्या वेचणीच्या दिवशी ती कुंपणाच्या दारात उभी राह्यली आणि म्हणाली, "शीतादही केल्याबिगर आमी बोंडाले हात लावत नसतो." म्हणजे झाडाखाली दगड मांडायचे, कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापूस वेचायचा. आमच्या भागात सगळ्याच वावरांत करतात. मला वाटलं मॅडम नाही म्हणतील. त्या उलट झगा घालून बायांच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या आणि भात शिंपडला.

बाहेर येताना बायांची तपासणी झाली. झगे झटकले, केस पाह्यले, नखं पाह्यली. प्रसादाचा डबा मात्र वॉचमननं उघडला नाही. देवीचा डबा, तो कोण उघडणार? पहिल्या बोंडाचा कापूस घरच्या देवाच्या वातींसाठी न्यायचा, ही त्या बायांची रीत. बुढीनं ते बोंड दहीभाताच्या डब्यात ठेवून नेलं. चोरी असं तिच्या मनातही आलं नसेल. देवीचा वाटा तिनं देवीला नेला.

हे आम्हाला कळलं पुढच्या वर्षी. दुसरा हंगाम चालू होता, झाडं बोंडांनी लगडलेली होती, वेचणी झाली की कागद वर सरकारकडे जाणार होते आणि मंजुरी जवळजवळ नक्की होती. मॅडम चक्क शिट्टी वाजवायला लागल्या होत्या, आणि ती भयंकर बेसूर होती. तेवढ्यात वेचणीला बाया आल्या, पण बुढी नाही. मी विचारलं तर बाया खाली बघायला लागल्या. शेवटी एक जण बोलली, "तिले कोनी आनत नाई आता. तिच्या घरी काईतरी आलं हाय."

"काय आलं?"

"जनावरं येऊन बसते जी. खात नाई, जात नाई. नुसते पाहून राह्यते."

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "चला," एवढंच म्हणाल्या.

भर दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. बुढीच्या घराकडच्या बाजूला रस्त्यावर माणूस नव्हतं, शेजाऱ्यांनी दारं ओढून घेतलेली. कौलांवर वानरं ओळीनं बसलेली. भिंतीवर खारी. गावातल्या सगळ्या कोंबड्या तिच्या मागच्या आंगणात, आणि त्यांच्यातच एक ससा, उघड्यावर, दिवसाढवळ्या. सगळ्यांची तोंडं न्हाणीकडे. न्हाणीच्या पाण्यावर एक पऱ्हाटी वाढली होती. खालून कुरतडून कुरतडून तिचं खोड पांढरं पडलं होतं, आणि तरी वर ती पानं फुटून हिरवीगार उभी होती. मॅडमनी एक पान तोडून उन्हासमोर धरलं. मीही पाह्यलं. ठिपका नव्हता.

बुढी दारात बसली होती. वर्षभरात निम्मी झाली होती बिचारी. "देवीचं बोंड होतं, बाई," ती म्हणाली. "वाती केल्या. सरकी फेकाची कशी? लावली. मले काय मालूम असं होईन? चक्कीवाला दळन घेत नाई. कोनी पान्याले हाक देत नाई. लोकं म्हनते, बुढी जनावरं बलावते. मी कायले बलावू? मलेच भेव लागते ना, बाई!" आणि ती फटकळ बाई रडायला लागली.

मी मॅडमना बाजूला घेतलं. माझं डोकं तापलं होतं. "मॅडम, उपटा. गाडीत टाका आणि चला. झाड गेलं की जनावरं जातील. कोणाले काही समजणार नाही."

"आणि आजीचं?"

"लोकं विसरतात."

"जनावरं गेली की काय म्हणतील, सांगा? म्हणतील, बुढीनं लपवली." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "झाड कोणाचं ते सांगितल्याशिवाय हे सुटत नाही."

"सांगितलं तर तुमचं सगळं जळतं!"

"हो," त्या म्हणाल्या, आणि चालायलाच लागल्या.

गावचे पोलीस पाटील भले माणूस. त्यांनी आम्हाला मारुतीच्या पारावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, पोलीस बोलावू, म्हाताऱ्या बाईला असं छळणं गुन्हा आहे. ते म्हणाले, "साहेब, पोलीस येतीन आन जातीन. बुढीले इथंच राहाचं हाय. तिले फुलसावंगीले भावाकडं धाडा म्हनून राह्यले लोकं. मी थोपवून धरलं, पन किती दिस?" मग मॅडमनी गाव गोळा करायला सांगितलं. माणसं आली, लांब लांब उभी राह्यली. मॅडमनी सगळं सांगितलं, ठिपके, कडूपण, टाका, बोंड. कोणाचा विश्वास बसला नाही. गर्दीतून एक जण म्हणाला, "मॅडम, तुमी चांगल्या हाय म्हनून तिले वाचवून राह्यल्या. पऱ्हाटीपाई वांदर कायले येईन?"

तेव्हा मॅडमनी पाटलांच्या घरची मूठभर सरकी मागवली आणि पाराखाली एका बाजूला ओतली. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या डब्यातली ओतली. "कोंबड्या आणा," म्हणाल्या. आणायची गरजच पडली नाही. बुढीच्या आंगणातून कोंबड्या चालत आल्या, पाटलांच्या सरकीवरून तशाच पुढे गेल्या आणि मॅडमच्या सरकीवर तुटून पडल्या. खारीही आल्या. एक वानर उतरून आलं, पाटलांची सरकी हुंगून त्यानं फेकून दिली आणि दुसऱ्या ढिगात हात घातला. लोक हसले. खरंच हसले. कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तं खान्याचं काम हाय! बुढी बिचारी फुकट बदनाम." पाटलांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मला इतकं बरं वाटलं, की आमचं काय जाणार हे क्षणभर मी विसरूनच गेलो. बुढीला कोणीतरी हाताला धरून पारावर आणून बसवलं.

मॅडम म्हणाल्या, "झाड माझं. चूक माझ्या कुंपणाची. आजीचा काही दोष नाही. मी उद्याच वर कळवते."

एव्हाना ढीग संपला होता. कोंबड्यांनी माना वर केल्या. मला वाटलं, आता पांगतील. त्या वळल्या आणि मॅडमकडे आल्या. त्यांच्या पायांभोवती दाटीनं बसल्या, पिसं फुगवून, अंड्यावर बसतात तशा. खारी पारावर चढून त्यांच्या गुडघ्याला लागून थांबल्या. मग कौलांवरची वानरं उतरली, गर्दीतून माणसांना अंग न लावता चालत आली आणि मॅडमच्या समोर ओळीनं बसली. हूं नाही की चूं नाही. नुसती बघत राह्यली.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. मी म्हणतो, वर्षभर सरकी खाल्ली, घामाला वास लागला असेल. डब्याचा वास हातांना असेल. असंच असणार. पण मला कोणी ती दुपार पुन्हा दाखवतो म्हटलं, तर मी जाणार नाही. मॅडम हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती, भरल्या घरात आपलं काहीतरी उघडं पडावं तशी. आणि गाव मागे सरकलं. आधी बाया, मग माणसं, मग पाटील. बुढीही पारावरून उतरली आणि पदर तोंडाला लावून बायांच्यात जाऊन उभी राह्यली. बायांनी तिला जागा दिली.

परत येताना गाडीत मागे ती उपटलेली पऱ्हाटी होती. मॅडम म्हणाल्या, "घेतलं ना आजीला त्यांच्यात?" मी हो म्हटलं. मग त्या खिडकीबाहेर बघत राह्यल्या.

वरून माणसं आली, पंचनामा झाला, हुकूम आला. मी म्हटलं, "मॅडम, चार सरक्या मी कुठेतरी ठेवतो. कोणाच्या बापाले पत्ता लागणार नाही." त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. सगळं वावर उपटून मधोमध रचलं. प्रयोगशाळेतल्या बाटल्या फोडून रोपं त्यावर ओतली. बी पोत्यांनी आणून टाकलं. वरून आलेल्या साहेबांनी काडी मॅडमच्या हातात दिली, आणि मला त्या साहेबाचा असा संताप आला! मॅडमनी खाली वाकून स्वतः पेटवलं. त्या दिवशी कुंपणापाशी एकही जनावर आलं नाही. आभाळात पाखरू नव्हतं. धूर सरळ वर गेला आणि आम्ही सगळे खोकत उभे होतो.

आग विझत आली तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बुढी दिसली. चालत आली होती एवढ्या लांब. अंगावर नवं लुगडं, तब्येत सुधारलेली. मी म्हटलं, "ये ना आजी, आत ये." ती आली नाही. तिनं फडक्यात बांधलेली शिदोरी जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागे झाली.

"बाई," ती तिथूनच म्हणाली, "तुमी माह्यासाठी लय केलं. माह्या आईनं नसतं केलं. देवी तुमाले सुखी ठेवो."

मॅडम पुढे निघाल्या तशी ती आणखी मागे सरकली.

"पन आता आमच्या गावात येऊ नोका, बाई. हात जोडते."

मॅडम थांबल्या. "नाही येणार, आजी," त्या म्हणाल्या.

बुढी वळली आणि गावाच्या वाटेला लागली. मॅडम शिदोरीपाशी खाली बसल्या, फडकं सोडलं. आत ज्वारीच्या भाकरी होत्या आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी तिथेच बसून त्या सगळ्या खाल्ल्या, आणि मी जवळ जाऊन पाणी दिलं.